त्याले फक्त नाव इचारा

— नाई नाई, वाईट कायले सांगू मी? पोट्टा वाईट नाईच. बसा तुमी, त्या पोत्यावर बसा, गव्हाचं हाये, दबत नाई. लाईन गेली ना आता, चक्की बंद, मले तरी काय काम हाये — लाईन येईपर्यंत तुमी अन् मी. भाचीसाठी वरुडाहून आले म्हनता, पियुषची चौकशी करायची म्हनता — मंग बरोब्बर ठिकानी आले भाऊ. कोनी सांगतलं माह्यं नाव? पानठेल्यावाल्यानं? तो सांगतेच. जुन्या शहरात कोनाच्या घरचं काही इचारायचं असलं का मानूस मैनाबाईच्या चक्कीवर येते. काहून का घर कोनतंबी असो, दळन त अठीच येते ना! डबा पाह्यला का मले समजते कोनाकडे पाव्हने हाये, कोनाचे उपास सुरू हाये, कोनाची सून रागारागानं माहेरी गेली — दामिनी! ओ दामिनी! पाव्हन्याइले पानी आन माय! — पोरगी हाये माही. परतवाड्याले देली. आली हाये चार दिवस, सहजच. — आं, ठेव तठी. अन् जाय मंधात, मोठ्या मानसाइच्या गोष्टी चालू हाये.

हं, त पियुष. सुभद्राबाईचा एकुलता एक. तो लहान होता तवाच बाप गेला, मायनं शिवनकाम करू करू शिकवला. घर सोताचं — ते निळ्या दाराचं, अठून दिसते पाहा. अमरावतीले माती तपासायची लॅब हाये, तठी नोकरी. शनवारी येते, सोमवारच्या पहिल्या गाडीनं जाते. दारू नाई, खर्रा नाई, सुपारीचं खांड तोंडात टाकत नाई. हे सारं तुमाले ठेल्यावाल्यानंबी सांगतलं असन. पन भाऊ, तोंडात काय जाते तेवढंच कायले पाहाचं, तोंडातून काय निघते तेबी पाहा लागते का नाई? बोलले का तुमी त्याच्यासंगं? — फोनवर? बरं. अन् कसं वाटलं? — काय म्हनता? ‘लय सुसंस्कृत बोलते’? — थांबा भाऊ, हासू द्या मले. वो माय… सुसंस्कृत! थांबा, पदरानं डोळे पुसू द्या.

गल्लीनं त्याचं नाव काय ठेवलं माईत हाये का? ‘बातम्या.’ तो त्या कोपऱ्यातून शिरला का ओट्यावरचे पोट्टे म्हनतात, ‘चूप बसा रे, बातम्या आल्या.’ मागच्या साली मंदिरात जेवन होतं, सारी गल्ली पंगतीत बसली, वाढनारा पान्याचा जग घेऊन चाल्ला, अन् हा हात वर करून म्हनते — ‘कृपया जल द्या.’ जल! अबे, जेवाले बसला का तीर्थाले बसला? मंग काय, पंगत उठेपर्यंत तेच — ‘ओ जलवाले, अठी जल!’ ‘ओ भाऊ, जलात माशी पडली!’ लोकाइले ठसके लागले. अन् हा खाली मान घालून वरन कालवत राह्यला. आनखी सांगू? आभाळ भरून आलं होतं, मी सहज इचारलं, काय रे पियुष, येते का आता? त म्हनते, ‘काकू, आज वृष्टी होईल असं दिसतं.’ वृष्टी! माह्या हातातलं सूप सुटलं. अन् डॉक्टरकडचं त साऱ्या अकोल्याले माईत हाये — रांगेत आमच्याच गल्लीच्या चार बाया होत्या, म्हनून आलं ते बाहेर — आंत गेला अन् म्हनते, ‘डॉक्टर, उदरात वेदना होत आहेत.’ डॉक्टरबी इथलाच मानूस, त्यानं इचारलं, ‘म्हनजे पोट दुखून राह्यलं का?’ अन् ह्यानं नुसती मान हालवली. पोट म्हनायले जीभ झिजत होती जसं काही.

लोक काय म्हनतीन मंग? लोक म्हनतात, सोताले शाना समजते. म्हनतात, अमरावतीले गेला अन् थेट पुन्याचा होऊन आला. अवो, बस स्टँडवर कोनाच्या गाडीले ह्याची गाडी घासली, तो मानूस तावातावात उतरला, अन् हा हात जोडून म्हनते — ‘क्षमस्व.’ त्याले वाटलं टिंगल करून राह्यला. देली कानाखाली ठेवून! साधं ‘चुकलं दादा’ म्हतलं असतं त काही झालं असतं का? पन नाई. अन् खरं सांगू का भाऊ, मारनाऱ्याचं तरी काय चुकलं? आपन ‘या, बसा’ म्हनावं अन् समोरच्यानं ‘आसनस्थ होतो’ म्हनावं, मंग आपल्याले वाटते, हा आपल्याले गावंढळ म्हनून राह्यला. नाई म्हनत, पन म्हनून राह्यला. असा मानूस दारात आला का आपलीच जीभ जड होते, आपलंच घर आपल्याले मळकं दिसते. कोन बोलावन त्याले मंग? नाई बोलावत कोनी. बारशाले नाई, पत्ते खेळायले नाई. एकटाच राह्यते. मायलेक दोघं, अन् ते निळं दार.

— तुमी हासून नाई राह्यले भाऊ. बरं. गंभीर मानूस दिसता. मंग आता खरं सांगते तुमाले, जे त्या ठेल्यावाल्याले नाई माईत, गल्लीत आता कोनाले आठोत नाई. सरका जरा इकडं. शाना-बिना काही नाई तो. पुन्याचा-बिन्याचाबी नाई. मी आता जे सांगतलं ते पाहा एक डाव फिरून — पानी नाई म्हनत, पाऊस नाई म्हनत, पोट नाई म्हनत. पैसे म्हनत नाई, रक्कम म्हनते. पाव्हने म्हनत नाई, अतिथी म्हनते. सारे शब्द कायनं सुरू होतात? — हां! आलं ध्यानात? ‘प’वर गाडी अडते त्याची. तोतरा हाये तो, भाऊ. जन्माचा तोतरा. ‘प’ आला का घसा बंद. म्हनून मंग तो बाजूच्या गल्लीनं जाते — समोर दगड दिसला का वळसा घालते, अन् त्या वळशात जो सापडन तो शब्द उचलते. आता त त्याले सवयच पडली हाये, जिथं दगड नाई तिथंबी वळसा घालते. लोक म्हनतात घमेंड. घमेंड कायची? भेव हाये ते, नुसतं भेव.

मले कसं माईत? मले नाई त कोनाले माईत असन! अवो, एवढासा होता, हाफ पॅन्टीतला, माय डबा देऊन धाडे. मी इचारो, काय आनलं रे? ‘ज्वारी.’ किती आनली? अन् तठी मजा सुरू होये. पायली सांगायची असे ना — पायलीभर ज्वारी. ‘प — प — प —’ बाया बसल्या राहात नंबर लावून, साऱ्याइचे पदर तोंडाले. मी डबा हातातच घेओ नाई. मी म्हनो, पुरं बोल, मंग घेते. तोंड लालेलाल होये त्याचं, मान अशी अशी हाले, डोळे घट्ट मिटून घे, अन् तो ‘प’ काही सुटे नाई. डब्यात किती हाये मले काय दिसत नव्हतं? दिसे. पन करमनूक होती भाऊ, दुसरं काय? बाया मुद्दाम त्याच्या वेळेले दळन घेऊन येत. अन् मी काही वाईट नाई, शेवटी गुळाचा खडा देतच होती त्याले. रडला असला त दोन.

अन् मंग एका दिवशी, मले अजून आठोते — आला, डबा ठेवला, मी इचारलं किती रे, बाया सरसावून बसल्या. अन् त्या पोट्ट्यानं माह्या डोळ्यात डोळे घातले अन् म्हतलं, ‘नित्याप्रमाणेच आहे, काकू.’ — नित्याप्रमाणेच! एका दमात. चौथीतलं पोरगं. कोनी हासलंच नाई. काय हासावं, समजलंच नाई कोनाले. मी गुपचूप डबा घेतला. मंग सुभद्रानंच सांगतलं मले, का शाळेतून जाडं पुस्तक आनते अन् बसल्या बसल्या शब्द पाठ करते, मायले वाटे लेकरू हुशार झालं. म्हनजे पाहा भाऊ, त्याची ही जी शुद्ध भाषा हाये, ते माह्या ह्या चक्कीवर तयार झाली. त्याची मास्तरीन मीच म्हना! अन् त्या उपकाराची जानीव? रस्त्यानं जाते त खाली पाहून जाते. माह्याकडे मानबी वर करत नाई.

आता तुमी म्हनान, तोतरा असला त काय झालं, नोकरी हाये. — नाई, असं नाई म्हनत तुमी? मनात त म्हनून राह्यले. मी एक इलाज सांगते. पाहाच्या कार्यक्रमाले गेले का त्याले दुसरं काही इचारू नका. पगार नाई, शिक्षन नाई. त्याले फक्त नाव इचारा. साऱ्या शब्दाइले वळसा घालता येते, नावाले कसा घालन? त्या सुभद्रानं नावबी काय ठेवलं — पियुष! इतके नावं होते दुनियेत! फोनवर तुमीच म्हतलं असन ‘पियुष बोलता का’, त्यानं ‘होय’ म्हतलं, झालं. तसं नाई करायचं. समोर बसवायचं, साऱ्याइनं चूप बसायचं, अन् पोरीले म्हनायचं इचार माय, नाव काय तुमचं. सुभद्रा मधात बोलन, तिले बोलू देऊ नका. अन् मंग नुसतं पाहात राहा. कारंज्याचे आले होते, त्याइले मी हेच सांगतलं होतं. त्याइची पोरगी म्हने तोंडावरच हासली, उठून मंधात पळाली. मूर्तिजापूरवाल्याइनं त पोहेबी अर्धे ठेवले.

— हो, तेबी अठीच बसले होते. त्याच पोत्यावर. मंग? मी मोडलं म्हनता का? मी काहून मोडू भाऊ कोनाचं! मी खरं सांगतलं. खरं सांगनं पाप हाये का आता? पोरीच्या जन्माचा सवाल असते. उद्या तिले हासतीन लोक, बातम्याची बायको म्हनतीन.

काय म्हनता — घरीबी अडते का? मायसंगं? मायसंगं थोडं अडते. भेव वाटलं का अडते. सारखं नाई अडत. आमच्या दामिनीसंगं त अजिबातच नाई अड — आता निघालंच तोंडातून त ऐका. एका वर्गात होते दोघं, कॉलेजलेबी एकाच गाडीनं जात. ह्या चक्कीच्या मागं पायरी हाये, तठी बसत बोलत. चक्की चालू असली का काही ऐकू नाई ये, पन लाईन गेली का अठी सारं ऐकू येते, मागचंबी अन् पुढचंबी. मी अठी बसून ऐको. तो तिले म्हने, ‘पोट्टे, पानी पाज न.’ ‘पाय सरकव तिकडं.’ ‘परवा पेपर हाये, पाठ झालं का?’ — सरळ! आपल्यासारखं. जल नाई, वृष्टी नाई, काही नाई. एका ‘प’वर अडला नाई भाऊ. मी कान देऊन बसो, आता अडन, मंग अडन. पन नाई. भराभरा बोले. हासेबी. त्याले हासताना मी तेवढंच ऐकलं.

मंग काय कराचं होतं मी? जावई करून घ्यायचा होता का त्याले? ज्याले गल्ली हासते तो दारात उभा करू? मांडवात बाया म्हनतीन, नवरदेव, नाव सांगा, अन् हा तठी प-प करत उभा राहीन, मी तोंड कुठी लपवू? पोरगी म्हने, आई, माह्यासंगं बोलते ना तो, तुले काय कराचं लोकाइशी. मी म्हतलं, चूप. अन् परतवाड्याचं पाह्यलं. कापडाचं दुकान, अन् पोट्टा असा बोलनारा, असा बोलनारा — पाहायले आला त सारं घर त्याच्या तोंडाकडे पाहात बसलं. आताबी बोलतेच. चार लोकाइची बैठक बसवली त त्यानं असं काही बोलून दाखवलं, का माह्या पोरीच्या कपाळावरची खोक माह्याच पोरीची चूक हाये असं साऱ्याइले वाटलं. मलेबी वाटलं घडीभर. दोन वर्स झाले आता तिले अठी येऊन, एक फोन नाई त्याचा, सोडचिठ्ठीचा कागद करून द्या म्हनून निरोप धाडते —

काय? — चार दिवस. हो, म्हतलं होतं मी चार दिवस. पाव्हन्याले पह्यल्या भेटीत काय दोन वर्स सांगत असते का मानूस?

हे पाहा भाऊ, तुमचं अडलं नाई. तुमाले संत्र्याचा बगीचा हाये, पोरगी शिकली हाये, तुमाले दहा पोट्टे भेटतीन. ह्याले कोन भेटते? अन् माह्या पोरीले आता कोन करते? मी कोनाचं वाईट नाई करून राह्यली. आनखी एखाद-दोन स्थळं परत गेले का सुभद्रा थकीनच, अन् मंग निळं दार काही लय दूर नाई अठून — आता मले हासायचं कारन नाई कोनाले, मी सोताच म्हनीन का जुनी ओळख होती — तुमी असे पाहू नका माह्याकडे. तुमी बोलून नाई राह्यले म्हनून मी बोलून राह्यली. चूप मानसापाशी असंच होते, निघत जाते तोंडातून.

— थांबा. तो कोन उभा हाये भिताडापाशी? पियुष? अरे! कवाचा उभा हाये तू तठी डबा घेऊन? — बरं झालं. लय बरं झालं. आता कार्यक्रमाची गरज नाई भाऊ, अठीच पाहून घ्या सोताच्या डोळ्यानं. ये न बाप्पा, पुढं ये. हे वरुडचे पाव्हने, तुलेच पाहायले आले. त्याइले तुह्यं नाव सांग. नुसतं नाव. — पाहा. तोंड पाहा भाऊ. सुरू झालं. मान पाहा — उठू नका! बसा! मदत नाई कराची त्याले, सांगतलं न मी. — सांग न रे, किती वेळ? अवो, नाव इचारलं, पहाड नाई उचलाले सांगतला. — दामिनी, तू कायले बाहेर आली? मंधात जाय! एक शब्द बोलशील त पाहा. त्याचं त्याले सांगू दे. — हं, ‘पि’. ‘पि’ पुढं? आता शोध न एखादा वरचा शब्द, सापडते का? ‘पि’ पुढं काय? ‘पि’ —

…बरं. निघालं. पियुष. ऐकलं, मी काही बहिरी नाई. पन तेवढ्यात शेरभर दळून झालं असतं. पाह्यलं ना भाऊ तुमी? आता तुमीच — काय? काय म्हनतो रे? ज्वारी किती हाये मी इचारलंच नाई तुले. — ‘पा — पा —’ — कायले आता? चूप राह्य न, झालं ना नाव सांगून. लोक पाहून राह्यले. — पायलीभर. बरं, पायलीभर. मंग? दळाची नाई? अठी दळाचीच नाई? मंग आनली कायले! — पाह्यलं भाऊ, मुद्दाम तोच शब्द घेतला त्यानं. वळसा नाई घातला. अडत अडत, थुंकी उडवत, पन तोच घेतला. काय मिळालं त्याले? आं?

— तुमी कुठी चालले? बस स्टँड तिकडं नाई, त्या अंगाले हाये. भाऊ, तिकडं सुभद्राचं घर हाये! तुमी डबा कायले उचलला त्याचा? अवो, ऐका तरी, त्याच्या खांद्यावर काय हात ठेवता, तोतरा हाये तो! जनमभराचं सांगून राह्यली मी तुमाले! तुमच्या भाचीले हासतीन लोक! पानी त प्या —

गेले. निळ्या दारात शिरले पाहा दोघंबी.

तू काय पाहून राह्यली तिकडं? कोनासाठी बोलली मी हे सारं? तुह्यासाठीच बोलली ना? लय अक्कल हाये त तवाच पळून जायचं होतं त्याच्यासंगं, कोनी धरलं होतं? — हे घे, लाईन आली. चाल, पट्टा चढव. अन् त्या डब्यावर वाकू नको, तोंड पूस पह्यले, लोकाइचं पीठ हाये ते. — काय? काय म्हनतं? मोठ्यानं बोल. चक्की सुरू झाली, मले काही ऐकू येत नाई.